छपरावरून दिसणारी टेकडी

प्रिय बुरुल,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, देऊन टाक ना ते कॅमेऱ्यातलं कार्ड काकांना. एवढ्याशा कार्डासाठी कशाला वाद?" मी त्यावर काही बोलले नाही, आणि तू धरून चाललीस की आईला पटलं. मला पटलेलं नाही. मला लगेच उत्तर सुचत नाही हे तुला माहीत आहे. बाबा म्हणायचे, हिला आज विचारा आणि उत्तर न्यायला पुढच्या बाजारच्या दिवशी या. तर हे उत्तर. कार्ड मी देणार नाही आणि त्यातला एकही फोटो पुसणार नाही. बाबांच्या चाळिसाव्या दिवसाला सगळे जमले की थोरले काका ते मुल्लासमोर मागणार आहेत, असं त्यांनी गावभर सांगितलं आहे. मागू देत. मी सगळ्यांसमोर नाही म्हणेन.

गावात काय बोलतात ते तुझ्याकडे मॉस्कोलाही पोचलं असणार. नवऱ्याला मातीत ठेवत असताना ही कालिपा म्हणे गोठ्याच्या छपरावर चढून फोटो काढत होती. हे खरं आहे. लोकांनी त्यात भर घातली आहे की मी हसत होते आणि डोक्यावर रुमाल नव्हता. हे खोटं आहे. रुमाल होता, आणि काळाच होता, गवताची कुसळं लागली होती एवढंच.

कॅमेऱ्याचं तुला नीट कधी सांगितलं नाही. तू गेलीस त्याच वर्षी मी निवृत्त झाले. गुरांच्या दवाखान्यात माझं आयुष्य सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेलं, मेंढ्यांचं रक्त आणि गाईंचं दूध तपासण्यात. बिश्केकच्या दुकानातला मुलगा मला छोटे चपटे कॅमेरे दाखवत होता. म्हणाला, काकू, यात फुलं छान येतात, नातवंडं छान येतात. मी म्हटलं, मला दूरचं दाखवणारा हवा. किती दूरचं, त्याने विचारलं. मी म्हटलं, आमच्या नदीपलीकडची टेकडी. मग त्याने मागच्या कपाटातून हा काढला. बटण दाबलं की याचं भिंग कासवाच्या मानेसारखं पुढे पुढे येतं. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, तोफ घेतलीस, आता लढाई कुणाशी ते सांग.

सुरुवातीला मला काही जमेना. एवढं लांबचं जवळ आणलं की हाताचा जरासा कंपही मोठा होतो, आणि बकरा टिपायला जावं तर चौकटीत नुसतं आकाश. दुपारी उन्हाने हवा थरथरते, तेव्हा काढलेलं सगळं पाण्याखालचं वाटतं. संध्याकाळी काढलं तर दाणेदार. नारीनचा तो लग्नाचे फोटो काढणारा माझा कॅमेरा हातात घेऊन म्हणाला, मावशी, हे खेळणं आहे, खरं काम याने होत नाही. मी म्हटलं, मला खरं काम करायचंच नाही. बाबांनी आपल्या जुन्या पँटचा एक पाय कापला, त्यात जव भरले आणि दोन्ही तोंडं शिवून टाकली. त्या उशीवर कॅमेरा टेकवला की तो दगडासारखा स्थिर राहतो. दूध संघाचा ट्रक चालवून राठ झालेल्या त्या बोटांनी घातलेले टाके वाकडे आहेत, पण एक दाणा सांडत नाही. उरलेला एक पाय ते मला पुष्कळ दिवस दाखवत राहिले, की हा आता कुणाला घालू.

मग हळूहळू यायला लागलं. कड्यावरचा रानबोकड, गिधाडाचं घरटं, चंद्रावरचे खड्डे. शेजाऱ्यांचं हरवलेलं जनावर शोधायला माणसं माझ्या छपरावर यायला लागली. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आता या गावात कुणाला आडोशाला बसायचीही सोय राहिली नाही. थोरल्या काकांची घोडी हरवली तेव्हा तेही आले होते. शिडीवर चढताना कुरकुरले, की या वयात बायकांनी नमाज शिकावा, ही खेळणी कसली घेऊन बसता. घोडी तिसऱ्या घळीत सापडली, दुसऱ्याच्या घोड्यासोबत. ते दृश्य त्यांनी बराच वेळ पाहिलं. आता काका म्हणतात की त्या कॅमेऱ्यात सैतान आहे. घोडी शोधली तेव्हा तो कुठे गेला होता, हे मला त्यांना विचारायचं आहे.

आता त्या दिवसाचं. अंगणात युर्तचा गोल तंबू उभारला होता. बाबांना उजव्या बाजूला पडद्यामागे ठेवलं होतं आणि आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून विलाप गात होतो. बाहेर पुरुष काठ्यांवर वाकून ओरडून रडत होते. मला गाता येत नाही. बाकीच्या बायकांना ओळी सुचतात, मला नाही, मी नुसती बसते. त्यांनी बाबांना उचललं, ट्रकवर ठेवलं, आणि सगळे पुरुष नदीच्या पुलाकडे निघाले. आपल्याकडे बायका टेकडीवरच्या कबरस्तानात जात नाहीत. मी या गावात सून म्हणून आले तेव्हापासून गेले नाही, माझ्या सासूला नेलं तेव्हाही नाही. त्या दिवशीही टेकडीवर मी गेले नाही हे लक्षात ठेव, कारण पुढे त्याचाच वाद आहे.

ट्रकचा आवाज पुलावर गेला आणि मी उठले. माझ्या शेजारी थोरली जाऊ बूबूश बसली होती. तिने माझा हात धरला आणि कानाशी विचारलं, कुठे. मी म्हटलं, गोठ्यावर. काकांची बायको ती, तिला सगळं कळत होतं. मग हात सोडून म्हणाली, "जा, मी दोघींचं रडते." आणि खरंच तिने असा आवाज लावला की माझी जागा रिकामी आहे हे कुणाला कळलं नाही. नंतर दोन दिवस तिचा घसा बसला होता. काका म्हणाले, भावजय म्हणून एवढं रडलीस, मी मेलो की काय करशील. ती म्हणाली, आवाज उरला तर बघू.

मी छपरावर रचलेल्या गवतावर पालथी झोपले आणि जवाची उशी पुढे ठेवली. थंडी होती, ऊन तिरपं होतं, हवा थरथरत नव्हती. एवढी स्वच्छ हवा वर्षातून क्वचित मिळते. बाबा असते तर म्हणाले असते, बघ, तुझ्यासाठी कसा दिवस निवडला. मी भिंग पूर्ण बाहेर काढलं. आवाज काहीच येत नाही, फक्त दिसतं. फावडं आपल्याकडे एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं. एक जण ते जमिनीवर टाकतो, दुसरा वाकून उचलतो. हे मला ऐकून माहीत होतं. त्या दिवशी पाहिलं, की माझ्या नवऱ्यासाठी एकामागून एक किती जण वाकले. ज्याच्याशी पाण्याच्या पाळीवरून त्यांचं भांडण होतं तोही वाकला. मला आणखी एक गोष्ट बघायची होती, खरं तर तेवढ्यासाठीच मी वर चढले होते. ती शेवटी लिहिते.

माती टाकून झाली तेव्हा कुणीतरी इकडे पाहिलं. भिंगावर ऊन पडून चमकलं असणार. एक हात वर झाला, मग दोन, मग सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. माझ्याकडे तोही फोटो आहे. पांढऱ्या टोप्यांचे तेवढे सगळे पुरुष एका बाईकडे बघताहेत.

आठवड्याने काका मुल्लाला घेऊन आले. मी चहा ओतला, तळलेले बोरसोक पुढे केले. काका माझ्याशी न बोलता चुलीशी बोलले. म्हणाले, या घराला काही लाज उरली आहे की नाही, मेलेल्या माणसाला असं उघडं करतात का, ते कार्ड आत्ताच्या आत्ता या चुलीत जाऊ दे. मुल्ला बिचारा तरुण आहे, तुझ्या वर्गात होता तो. तो म्हणाला, काकू, कॅमेऱ्याबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही, पण बरं दिसत नाही. मी काकांना म्हटलं, "दादा, मी टेकडीवर पाय ठेवला नाही. बायकांनी तिथे जाऊ नये हे मी ऐकलं आहे. बघू नये असं मला कुणी कधी सांगितलं नाही. आता नवीन सांगत असाल तर फार उशीर झाला, मी पाहिलं." काका चहा न पिता उठले. मुल्लाने आपला संपवला, आणि जाताना हळूच विचारलं की तेवढ्या लांबून खरंच चेहरे ओळखू येतात का.

रीत मोडली म्हणणाऱ्यांना एवढं सांग, की या घरात आल्यापासून थोरल्या दिरांचं नाव मी तोंडातून काढलेलं नाही. या पत्रातही लिहिलेलं नाही. जी रीत कुणाचं काही हिरावून घेत नाही ती मी पाळते.

काही दिवसांनी पलीकडच्या घरातली म्हातारी उमूत आली. खमीर मागायला म्हणून आली, आणि खमीर हातात घेऊनही जाईना. मग म्हणाली, तुझ्या त्या नळीतून माझा म्हातारा दिसेल का गं. मी तिला शिडीवर खालून ढकलून वर चढवलं. तिने डोळा लावला. कबरीच्या दगडावर त्याचा चेहरा कोरलेला होता. मग म्हणाली, "मेल्याने तरुणपणीचा फोटो कोरून घेतला. मी गेले की त्याच्याशेजारी त्याची आजी दिसेन." नवरा गेल्यानंतर इतक्या वर्षांत तिने त्याचा दगड पहिल्यांदा पाहिला. उतरताना मला म्हणाली, ही शिडी हलते, नीट कर, येणारी मी एकटीच नाही. आणि तसंच झालं. कुणी मीठ मागायला येतं, कुणी कात्री परत करायला. शिडीच्या पायऱ्यांना मी नवे खिळे मारले आहेत.

आता ती गोष्ट. हे मी फोनवर सांगू शकले नसते. तो विषय काढला की तुझा आवाज तुटतो, मग तू म्हणतेस की लाइन खराब आहे. त्या हिवाळ्यात तू बाळंतपणाला आलीस, घाट बर्फाने बंद झाला, जावई तलान पलीकडे अडकला, आणि आपला तान्हा एर्निस आठवडाभरही राहिला नाही. बाबांनी आणि काकांनी त्याला टेकडीवर नेलं तेव्हा तू खिडकीशी उभी होतीस. खिडकीतून टेकडी दिसते, पण माणसं मुंगीएवढीही दिसत नाहीत. तू उभी राहिलीस, ते परत येईपर्यंत. मी तुझ्यामागे उभी होते. बर्फ वितळल्यावर तू गेलीस आणि परत आली नाहीस, आणि मी दुकानात जाऊन दूरचं दाखवणारा कॅमेरा मागितला. त्याच्या कबरीची जागा मी पहिल्या उन्हाळ्यातच शोधली. पोर दुसऱ्या कुळाचं म्हणून काकांनी त्याला आपल्या माणसांच्या ओळीत न ठेवता कडेला, कुंपणापाशी ठेवलं होतं. एकटं. हे मी तुला सांगू शकले नाही. बाबांना दाखवलं. त्यांना ते माहीत होतंच, तेव्हा थोरल्या भावापुढे त्यांचं चाललं नव्हतं. पण आजारात एक दिवस त्यांनी काकांना माझ्यासमोर सांगितलं, मला वडिलांशेजारी ठेवू नकोस, पोराशेजारी ठेव. काका हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, टोपी उचलून निघून गेले. म्हणून मी छपरावर चढले, बुरुल. काका म्हणतात मी त्यांच्यावर पाळत ठेवली. ठेवलीच होती. आणि त्यांनी बाबांना कुंपणापाशीच ठेवलं, आपल्या हातांनी. सोबत पाठवलेला फोटो बघ. उमूतचा जावई तिकडे कामाला येतो आहे, त्याच्या हाती दिला आहे. फोनवर पाठवला असता तर तू तो शिलाईच्या यंत्रापुढे, सगळ्यांच्या देखत उघडला असतास. मोठी ताजी माती बाबांची. डावीकडे लहान उंचवटा, पांढरा दगड, तो तुझा. गुडघ्यावर बसलेला, पाठ आपल्याकडे असलेला माणूस म्हणजे थोरले काका. मोठ्या खड्ड्याची माती त्या लहान उंचवट्यावर गेली होती, ती ते तळहाताने बाजूला करताहेत. हे त्यांना कुणी करायला सांगितलं नव्हतं. असले फोटो मी चुलीत घालू? याचीच मोठी प्रत मी चाळिसाव्याला जेवणाच्या खोलीत, सगळ्यांना दिसेल अशी लावणार आहे. मग त्यांना काय मागायचं ते मागू दे. तू येऊ शकलीस तर ये. छपरावर गवत कोरडं आहे, उशी तिथेच ठेवली आहे, आणि शिडी मी आता काढत नाही.

तुझीच,
आई