आईच्या गळ्यातलं बंद बटण

११ मे, सोमवार
आजपासून रोजनिशी. मन मोकळं होतं म्हणतात. माझं मोकळंच आहे, पण सवय चांगली.

प्रेसमध्ये बटण कंपनीचं पत्रक छापायला आलं. म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात घालायचं बटण. पडलं-झडलं तर दाबायचं, की फोनशेजारच्या डब्यातून कंपनीची मुलगी बोलते आणि घरच्यांना कळवते. आई बाथरूममध्ये पडली होती, तेव्हापासून तिच्याकडे हेच आहे. एकटी राहते ना. पत्रकावर भलंमोठं: आता निम्म्या दरात! आणि आपण पूर्ण भरतोय. कनेक्शन माझ्या नावावर, पैसे अर्धे मी, अर्धे ताई. उद्या एक फोन करायचा, काम फत्ते. ताईला आजच कळवून टाकलं की दर निम्मा करून घेतला. ती म्हणाली, वा, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलंस. कौतुकच म्हणायचं.

पत्रकाच्या तळाशी एक ओळ उगाच गर्दी करत होती. अक्षर बारीक केलं. पान एकदम खुललं.

१२ मे, मंगळवार
फोन केला. मुलगी म्हणाली सवलत फक्त नवीन ग्राहकांना, पत्रकात खाली लिहिलंय. भिंग घेऊन पाहिलं. लिहिलंय. इतकं बारीक छापतात, निव्वळ धूळफेक आहे. विचारलं, मग आम्ही कोण? म्हणाली, तुम्ही आमचे जुने, लाडके ग्राहक. लाडक्यांना दुप्पट दर.

१५ मे, शुक्रवार
प्रेसमधल्या मशीनवाल्याने युक्ती सांगितली. कनेक्शन बंद करतो म्हणायचं. पाया पडत येतात. त्याच्या मेहुण्याच्या इंटरनेटवाल्यांनी तर वर दोन महिने फुकट दिले.

आरशासमोर दोनदा प्रॅक्टिस केली. मग फोन. करड्या आवाजात म्हटलं, बंद करा. ती म्हणाली, केलं, सेवेची संधी दिल्याबद्दल आभार. म्हटलं, अहो, नीट विचार करा. म्हणाली, विचार तुम्ही करायचा होता सर.

हरकत नाही. उद्या नवीन ग्राहक म्हणून अर्ज. एका दिवसात काय आभाळ कोसळतंय.

१६ मे, शनिवार
अर्ज नामंजूर. ज्याचं नाव गेल्या सहा महिन्यांत त्यांच्याकडे होतं तो नवीन नाही. आणि बंद केलंय म्हणून आता मी जुनाही नाही. धड ना इकडचा, ना तिकडचा. पूर्वीच्या दराने हवं असेल तर जोडणीचे पैसे वेगळे. मी बाणेदारपणे नको म्हटलं.

म्हणजे आई सध्या गळ्यात नुसतं प्लॅस्टिक घालून फिरतेय. तिला सांगणार नाही. उगाच घाबरायची.

संकल्प: रोज दोनदा फोन. पोटच्या पोराची सर बटणाला नाही.

१८ मे, सोमवार
आज दोनाऐवजी सात फोन झाले. पहिला सहज. दुसरा, जेवलीस का. मग कारणं सुचेनात. किती वाजले विचारलं. आई म्हणाली, तुझं बायकोशी वाजलंय का?

हिला सगळं सांगावं लागलं. ही म्हणाली, आत्ता जाऊन पूर्ण पैसे भरून या. म्हटलं, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. ही म्हणाली, तुमचं तत्त्व बाथरूममधून आईंना उचलणार आहे का? हिला तत्त्वातलं काही कळत नाही.

२१ मे, गुरुवार
आई फोन उचलेना. तीनदा लावला. मशीन चालू, कागद पडतोय, तसाच पळालो. रिक्षात बसल्यावर देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. चौथा मजला. दोन्ही हातांनी दार बडवलं. शेजारची शिवणवाली गळ्यात टेप घेऊन बाहेर आली.

आईने दार उघडलं. डोक्याला टॉवेल. म्हणाली, केस धूत होते, आग लागली का कुठे? म्हटलं, पंखा बघायला आलो. पंखा बघितला. फिरतो. शिवणवालीने मला स्टूल दिलं आणि बसा म्हणाली. मी बसलो, नाहीतर तिला वाईट वाटलं असतं.

२४ मे, रविवार
ताईचा फोन. विचारत होती, निम्म्या दराचं बटण नीट चालतं ना? म्हटलं, पूर्वीपेक्षा झकास. पाठ घामाने भिजली. उकाडा फार आहे.

स्वतःच बंदोबस्त केला. बाथरूमसाठी रबरी चटई आणली. आई चटईलाच अडखळली. भिंत धरली म्हणून वाचली. चटई परत घेऊन आलो.

२८ मे, गुरुवार
भीती वाटते. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. फोन वाजला की वाटतं, आई पडली. नाही वाजला की वाटतं, नक्कीच पडली. काल दूधवाल्याने बेल दाबली तर मी, कोण पडलं, असं ओरडलो. आईला काही झालं तर ते मी केलेलं असेल. बाकी कुणी नाही, मीच.

सगळे पैसे भरायला तयार होऊन कंपनीला फोन लावला. तत्त्वाला थोडी मुरड घालता येते. पण लाइनवर थांबवून ठेवलं आणि कानात जाहिरात सुरू: आता निम्म्या दरात! डोक्यात तिडीक गेली, फोन आपटला. उद्या नक्की.

३० मे, शनिवार
काल जमलं नाही. आणि आज आठवलं, परवा एक तारीख! दर एक तारखेला चहा झाला की आई बटण दाबून चाचणी घेते. चाचणी कसली, त्या मुलीशी गप्पा मारते. मुलगी म्हणते, कशा आहात आजी, आणि आईचं गुडघेदुखीचं पुराण सुरू होतं. परवा डबा गप्प बसणार.

योजना तयार आहे. मशीनवाल्याच्या मोबाइलवरून मीच फोन करायचा. आवाज बदलून. शाळेच्या नाटकात मी दरोडेखोर होतो.

१ जून, सोमवार
जमलं. जाड आवाजात म्हटलं, नमस्कार आजी, बटण कंपनीतून बोलतोय, डब्याच्या लाइनची दुरुस्ती चालू आहे, म्हणून फोनवर चाचणी. आईने लगेच विश्वास ठेवला. गुडघे झाले. मग म्हणाली, अहो साहेब, एक विनंती होती. मला काही झालं तर माझ्या मुलाला कळवू नका. फार भित्रा आहे हो. मागे मी पडले तेव्हा दारातच डोकं धरून बसला. शेजारच्या बाईंनी मला उचललं, आणि मग त्याला.

मी जाड आवाजात नोंद घेतो म्हटलं.

तसं काही झालं नव्हतं. मला चक्कर आली होती.

३ जून, बुधवार
प्रेस सुटल्यावर आईकडे गेलो. सगळं सांगायचं ठरवून. तोंड उघडायच्या आत डब्यातून मुलीचा आवाज आला, आजी, नवं कनेक्शन लागलं ना नीट? आई म्हणाली, लागलं गं.

परवा ज्याने फोन केला त्या माणसाला धाप लागली होती म्हणे. त्याची तब्येत बघा, हे सांगायला आईने कंपनीला फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडे असा कुणी माणूस नाही, आणि तुमचं कनेक्शन गेल्याच महिन्यात बंद झालंय. मग मुलीनेच सुचवलं, तुमच्या नावाने घ्या ना आजी, तुम्ही तर नवीन ग्राहक. निम्मा दर. चहा उकळेपर्यंत काम झालं.

मी विचारलं, काही झालं तर ते कळवणार कुणाला? आई म्हणाली, दोन नावं दिलीत. आधी शेजारच्या बाई, मग ताई. मी म्हटलं, ताईला यायलाच अख्खा दिवस लागतो. आई म्हणाली, लागू दे, पण ती येते तेव्हा शुद्धीवर असते.

म्हटलं, मीही काही घाबरत नाही. आई म्हणाली, हो रे बाबा. मग आतून पाणी आणलं आणि म्हणाली, पेला दोन्ही हातांनी धर.