सुकटीच्या डब्याखाली रणगाड्यांची वही

बुधवार, संध्याकाळ

सुनेला अक्कल कमी. जमिनीची ओल लागू नये म्हणून तिने सुकटीच्या डब्याखाली जनरलसाहेबांची वही घातली. लढाईत रणगाडे कसे चालवले, ते साहेबांनी स्वतः त्यात लिहिलंय. आमचे हे त्यांच्या रणगाड्याचे ड्रायव्हर, म्हणून वही यांच्याकडे राहिली. उद्या साहेबांची लेक ती न्यायला रेवदंड्याला येणार, आणि मी चार दिवस घर उपसतेय.

आज मिळाली. अक्षर शाबूत, वास सुकटीचा. नातीने वाचलं, "आजी, चिखलात रुतलेला रणगाडा आजोबांनीच काढला गं."

म्हणजे हे थापा मारत नव्हते. मग जन्मभर मी का हसले? असो, वही मिळाली, सुटले.

वास मात्र जात नाही. साहेबांच्या लेकीने विचारलं तर सुनेनेच उत्तर द्यायचं.