वरच्या मजल्यावरची खुर्ची

ता. ४ जून

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. वि. वि.

दुखणं दिसत नसेल, तर ते खरं आहे हे दुसऱ्याला पटवायचं कसं? मला खरंच सांगता येत नाही. आमच्या शिवणकारखान्यातल्या कटिंगवाल्या बाईंची पाठ कित्येक वर्षं दुखते आहे, आणि काम सगळं उभ्याने. मॅनेजर म्हणतात, चहाच्या वेळी तर चांगल्या हसत असतात. शेवटी भांडून मी एक खुर्ची मिळवली. ती वर माझ्या ऑफिसात ठेवली आहे. त्रास वाढला की बाईंनी येऊन सांगायचं, मी लगेच देणार. कामगारांच्या अडचणी बघायला मला ठेवलंय, त्यातलं हे पहिलं यश. शाबासकी पाठव.

तुझ्या मायेची हक्कदार,
ठकी

ता. १२ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

शाबासकी पाठवणारच होते, पण पाठ दुखणाऱ्या बाईने खुर्ची मागायला जिना चढायचा? घरातली पहिली पदवीधर तू, हे कुठल्या वर्गात शिकवलं गं? रागावू नकोस. लॉन्ड्रीत इस्त्री करताना माझा खांदा भरून यायचा, तेव्हा मुकादम सगळ्यांदेखत विचारायचा, आज जमेल ना. मी जमेल म्हणायचे. माणूस भला होता, पण बायका माना वळवून बघायच्या. त्यापेक्षा खांदा परवडला.

वेळेवर जेवत जा. रुसलीस तरी पत्र टाक.

तुझी आत्या

ता. २० जून

ती. आत्यास सा. न.

पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग माझा. बाई एकदाही वर आल्या नव्हत्या. त्यावरून मॅनेजरांनी पाठ बरी झाली असं ठरवलं आणि त्यांना जादा वेळ उभं केलं. बाईंनी राजीनामा लिहून आणला. मी धावत खुर्ची खाली नेली, तर बसल्यावर टेबल त्यांच्या हनुवटीला. इतके दिवस भांडले, पण काय हवंय ते त्यांनाच विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाल्या, उंच स्टूल द्या, आणि कधी बसायचं ते माझं मला ठरवू द्या. राजीनाम्याचं काय, तर म्हणाल्या, आधी स्टूल बघते.

मॅनेजर म्हणाले, उंच स्टूल कारखान्यात एकच आहे, आणि त्यावर ते स्वतः बसतात. मालकांनी मला उद्या बोलावलंय. नोकरी राहील की जाईल, कळवीनच. आज सकाळी ते स्टूल मी कटिंगच्या टेबलाशी नेऊन ठेवलं, आणि विचारून बसायची अट माझ्या सहीने काढून टाकली.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

ठकी