उजव्या हाताचा धागा

शुक्रवार, ३१ मे १९९१

उद्यापासून कठपुतली कार्यशाळा. मानक नगर, कॉलनीचा हॉल. कॉलनीवाले आणि काश्मीरहून घरदार सोडून लखनऊला आलेली कुटुंबं, दोघांनी एकत्र बसून बाहुल्या करायच्या. कल्पना वेल्फेअर कमिटीची, धुरा माझ्याकडे. मीटिंगमध्ये मी एवढंच म्हणालो होतो की मी सावंतवाडीकडचा, कळसूत्री बाहुल्या आमच्या रक्तात आहेत. लहानपणी एक खेळ पाहिलाय. अर्धा. मग झोप लागली. पण संस्कार होतातच.

शिवाय हेड ड्राफ्ट्समनला बाहुली म्हणजे काय, चार सांधे आणि सात धागे. ड्रॉइंग तयार आहे, तिन्ही बाजूंनी.

चारबागला जाऊन रबर स्टँप करून आणला: ‘संचालक, कठपुतली कार्यशाळा, मानक नगर’. सरोज म्हणाली, बाहुल्यांना स्टँप कशाला लागतो? हिला ऑफिसची शिस्त काय कळणार.

संकल्प: दर शनिवारी नोंद. एकही खाडा नाही.

शनिवार, १ जून

नावनोंदणी. फॉर्म मीच बनवला होता, तीन प्रतींत, फोटोसकट. रांग पार दारापर्यंत. म्हटलं, वा, काय उत्साह! प्रत्येकाच्या हातात रेशनकार्ड, दाखले, फोटो. अकराच्या सुमारास कळलं की मंडळी ही सरकारी मदतीची नोंदणी समजून आली आहेत. मी ‘कठपुतली’ म्हणालो तेव्हा कोणी चिडलं नाही. कागद परत पिशवीत गेले, एकेक, घडी न मोडता. फार वाईट वाटलं. सगळ्यांना चहा दिला. (सरोजने.)

बावीसपैकी सहा जण राहिले. त्यात मास्टरजी, म्हणजे द्वारकानाथ जुत्शी, बारामुल्लाकडचे रिटायर्ड हेडमास्तर, आणि त्यांची नात शारिका, तेरा वर्षांची. मास्टरजींनी माझा स्टँप दोनदा वाचला आणि विचारलं, आप गज़ेटेड हैं? शारिकाला आठवीत घालायचंय. दाखला तिकडेच राहिला. शाळा म्हणते, गॅझेटेड ऑफिसरची सही आणि शिक्का आणा, घेतो. शेवटची तारीख १५ जुलै.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. शाळेचा फॉर्म घेतला आणि म्हणालो, “हो गया समझिए.”

तसा मी गॅझेटेड नाही. म्हणजे कागदावर नाही. रमाकांत साहेबांची निम्मी ड्रॉइंग्ज माझ्याच डोक्यातून निघतात. सही साहेबांची घेऊ, ते गॅझेटेड आहेत. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, चालत तीन मिनिटं. सोमवारी.

शनिवार, ८ जून

काश्मिरी म्हटल्यावर कागदाच्या लगद्याचं काम हातातलंच असणार, म्हणून पहिला तास त्यांच्यावर सोपवला. एक जण वीज खात्यातले इंजिनिअर, एक पोस्टमास्तर, मास्टरजी भूमितीवाले. सगळे बादलीभोवती उभे राहून माझ्याकडे बघत होते. मी ड्रॉइंगकडे बघत होतो. शेवटी सरोजने मैद्याची खळ शिजवली, मोरचूद घातलं, बाह्या सरसावल्या आणि सुरू केलं. चहासाठी आली होती खरं तर.

कागद जुन्या ब्लूप्रिंटचा, म्हणून डोकी सगळी निळी झाली. रंगाखाली झाकेल.

साहेबांकडे सोमवारी जाणार होतो, त्यांच्याकडे पाहुणे होते. निदान दारात स्कूटर होती. आणि सांगायचं तरी कसं? सांगितलं की साहेब विचारणार, अहो, तुम्हाला अधिकारी समजून आले आणि तुम्ही गप्प बसलात? वेळ बघून बोललं पाहिजे. अजून पाच आठवडे आहेत. येत्या सोमवारी नक्की.

शनिवार, १५ जून

लू चालू आहे, इकडचा उन्हाळी गरम वारा. डोकी खडखडीत वाळली आणि तडकली. चूक उन्हाची.

कपड्यांचा प्रश्न मात्र मी सोडवला, हे नोंदवून ठेवतो. ऑफिसातून बाद झालेलं ट्रेसिंग क्लॉथ गरम पाण्यात धुतलं की खळ निघून जाते आणि आत मलमलीसारखं मऊ सूत मिळतं. हे ड्राफ्ट्समनशिवाय कोणाला माहीत नसतं. मास्टरजींनी कापड गालाला लावून पाहिलं. मग फॉर्मचं विचारलं. हो गया समझिए, म्हणालो.

सानिकाही येते हल्ली. शारिकाशी तिचं गूळपीठ जमलंय. बरं झालं. घरात मी मराठीत विचारतो, ही हिंदीत उत्तर देते, गेली चार वर्षं. आज म्हटलं, बाळा, निदान वडिलांशी तरी मराठीत बोल. म्हणाली, “क्या बोलूँ, पापा?”

शनिवार, २२ जून

खाडा. बाहुल्यांच्या हातापायांसाठी पेट्यांची लाकडं आणायला मलिहाबादला गेलो होतो. बागवाल्याने दशहरी आंबे पुढे ठेवले. माणसाचा मान राखावा लागतो. अकरा खाल्ले. तीन दिवस आडवा आहे.

कार्यशाळा झाली म्हणे, सरोजने घेतली. संचालक नसताना झालेली कार्यशाळा तशी धरता येत नाही. मास्टरजी येऊन दारातूनच विचारपूस करून गेले. फॉर्मबद्दल एक शब्द काढला नाही. सज्जन माणूस.

शनिवार, ६ जुलै

मागच्या शनिवारची नोंद राहिली. पाहुणे होते. (आमच्याकडे. खरंच.)

शारिकाची बाहुली तयार झाली आणि मी चाटच पडलो. कोणीतरी ऑफिसर आहे. पोट सुटलेलं, अर्धं टक्कल, खिशाला दोन पेनं, चष्मा दोऱ्याने गळ्यात. रमाकांत साहेब! निरीक्षण म्हणजे काय, अगदी हुबेहूब. साहेबांना तिने कुठे पाहिलं कोण जाणे. त्यांचा चष्मा दोऱ्याला नसतो, पण तेवढं कलावंताचं स्वातंत्र्य.

तांत्रिक दोष एकच. उजवा हात उचलत नाही. तपासलं तर धागाच बांधलेला नाही. म्हटलं, विसरलीस का गं? ती मान खाली घालून हसली. सानिकाही हसली. सरोज उठून चहा बघायला गेली. बायकांचं काही कळत नाही.

पुढच्या शनिवारी खेळ. साहेब प्रमुख पाहुणे. मी स्वतः जाऊन बोलावून आलो. गेलो होतोच, तर फॉर्मचंही काढणार होतो. पण आमंत्रण आणि काम एका दमात बरं दिसत नाही. सोमवारी.

शनिवार, १३ जुलै

हॉल भरला होता. दशहरीच्या पेट्यांचा रंगमंच, सरोजच्या साडीचा पडदा. मी साहेबांच्या शेजारी, पहिल्या रांगेत. काळजी एवढीच की स्वतःची बाहुली पाहून साहेब रागावले तर.

गोष्ट छोटी होती. एक मुलगी कागद घेऊन ऑफिसरकडे येते. ऑफिसर म्हणतो, हो गया समझिए. लोक हसले. ती पुन्हा येते. आज पोट बिघडलंय. पुन्हा येते. आज मेहमान आहेत. ती त्याच्या उजव्या हातात पेन देते, हात लोंबतो, पेन पडतं. हॉल नुसता खदखदत होता. मी सगळ्यात मोठ्याने हसत होतो. साहेबांनी डोळे पुसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, श्रीपाद, मान गए, हुबेहूब.

मी चष्मा काढला. दोऱ्यामुळे तो छातीवर पडला.

मग पडद्यामागून सानिकाचा आवाज आला. मराठीत. माझ्याच ठेक्यात. “सोमवारी बघू. सोमवारी नक्की.” चार वर्षांत पहिल्यांदा. उच्चार अगदी स्वच्छ होते.

फॉर्म माझ्या खिशात होता. साहेब शेजारी होते. पेनं दोन होती. मी टाळ्या वाजवत बसलो. मास्टरजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं.

रविवार, १४ जुलै

सकाळी सात वाजता साहेबांकडे गेलो. खरोखर गेलो, तीनच मिनिटं लागली. कुलूप. शेजारी म्हणाले, पहाटेच गोरखपूरला टूरवर गेले, गुरुवारी येतील.

सरोजला सगळं सांगितलं. मी गॅझेटेड नाही हे मास्टरजींना माहीत नाही, हेही. ती एवढंच म्हणाली, “मी विचारलं होतं तुम्हाला, फॉर्मचं काय झालं म्हणून. तीनदा.” विचारलं होतं. मी सानिकाला जसं ‘सोमवारी नक्की’ सांगत आलो तसंच हिलाही सांगितलं होतं.

सोमवार, १५ जुलै

रजा टाकली. ओळखीच्या ओळखीचे एक अधिकारी, दुसऱ्या खात्यातले. दीड तास बसवून ठेवलं, पण सही दिली. भला माणूस. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली चपराशाकडे, चपराशी भाच्याच्या लग्नाला. तसाच पळालो. शाळेची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. बाबू म्हणाला, सही ठीक आहे, मोहर कहाँ है?

काय सुचलं कोण जाणे, मी खिशातला माझा स्टँप काढला आणि मारला. त्याने वाचलं. शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मग फॉर्म बाहेर सरकवला आणि खिडकी लावली.

शुक्रवार, १९ जुलै

चारबाग स्टेशन. मास्टरजी आणि शारिका जम्मूला निघाले. तिथे कॅम्पात तंबूतली शाळा आहे, कागद मागत नाहीत. मास्टरजींचा भाऊही तिथेच राहतो, तंबूतच. इथे निदान भिंतींची एक खोली होती. सानिका आणि शारिका एकमेकींना सोडत नव्हत्या.

मी ठरवून गेलो होतो. गाडीला सिग्नल मिळाल्यावर एकदाचं बोललो, मास्टरजी, मी गॅझेटेड नाही. कधीच नव्हतो.

ते म्हणाले, “मालूम था. पहले ही हफ़्ते पता चल गया था. मैंने सोचा, आप अपने साहब से करवा देंगे.”

रागाने नाही बोलले. रागावले असते तर मी काहीतरी कारण सांगितलं असतं. शारिकाने खिडकीतून बाहुली माझ्या हातात दिली. गाडी हलली.

शनिवार, २० जुलै

हॉल बंद. कोणी आलं नाही, येणारही नव्हतं. सानिका बोलत नाही, हिंदीतही नाही.

बाहुली टेबलावर आहे. दुपारी उजव्या हाताला धागा बांधला. हात छान उचलतो.

तीन मिनिटं लागली.