अकरा दिवसांचे आकडे

३ नोव्हेंबर १९८६, सौंसर
पोचलो एकदाचा! वय तेवीस, एम.एस्सी. रसायनशास्त्र, आणि दारावर चक्क पाटी: 'केमिस्ट'. बसमध्ये शेजारच्या काकांनी संत्री दिली आणि औषधाचं दुकान कुठे टाकणार म्हणून विचारलं. रंगाचा कारखाना छोटा, प्रयोगशाळा त्याहून छोटी, पण माझी आहे. रोज कामगारवस्तीच्या विहिरीचं पाणी तपासायचं. कारखान्याचं क्रोमियम, म्हणजे विषच, तिथे झिरपत नाही ना, एवढं पाहायचं. रसायनाचा थेंब टाकल्यावर पाणी जांभळं झालं, तर विष आहे; रंग जितका गडद, तितका रजिस्टरात आकडा मोठा.

७ नोव्हेंबर
विहिरीची बाटली चंद्रकलाबाई आणतात. झाडपूसही त्याच करतात. आज त्यांची बारावीतली मुलगी उर्मिला सोबत आली. म्हणाली, "सर, केमिस्ट्री घेतली त पुढं काय बनता येते?" मी फुशारून यादीच वाचली: औषध कंपन्या, माती परीक्षण, कॉलेजात मास्तरकी. तिने विचारलं, "अन् पानी तपासाले बी नोकरी भेटते?" भेटते की, म्हटलं. पोरगी खुलली. तिला चाचणी करून दाखवली, नळ्या धुवायला शिकवल्या, आजचा आकडा रजिस्टरात तिच्याच हातानं लिहवला, वर उपदेशही केला, की डोळ्यांनी पाहिला नाही तो आकडा लिहायचा नाही. बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलचे निम्मे आकडे मी ठोकून दिले होते, ते मात्र सांगितलं नाही.

१८ नोव्हेंबर
रसायन संपलं. नागपूरहून यायला वेळ लागेल. मॅनेजर विनायकराव म्हणाले, रजिस्टरात रकाना रिकामा नको, कालचाच आकडा पुढे ओढ. ओढला. यात मी चांगला तरबेज आहे.

२५ नोव्हेंबर
चंद्रकलाबाई म्हणाल्या, "साहेब, पानी पिवळं दिसून राहिलं." मी रजिस्टर उघडून आकडा दाखवला. त्यांना वाचता येत नाही. तरी समाधानाने गेल्या.

२९ नोव्हेंबर
रसायन आलं. थेंब पडताच नळी जांभळी झाली, इतकी गडद की आरपार दिसेना. वस्तीकडे धावलो. विनायकरावांनी वाटेतच गाठलं. गळती आज बुजवतो म्हणाले, पण तोंड उघडलंस तर अकरा दिवसांच्या सह्या तुझ्या आहेत. मी परत फिरलो. उर्मिला तीन दिवसांपासून ओकतेय, असं गेटवर कळलं.

१ डिसेंबर
उर्मिला गेली. सगळे कावीळ म्हणतात. मीही तेच म्हटलं. जेवण जात नाही. स्वतःची किळस येते.

४ डिसेंबर
माझे अकरा आकडे कोणीतरी खोडलेत. शेजारी खरे लिहिलेत, रोज चढत गेलेले. अक्षर उर्मिलाचं. प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात.

५ डिसेंबर
काल रात्री ते पान फाडून जाळलं. सकाळी दहाला रजिस्टर उघडलं तर पान जागच्या जागी. नळ्या धुऊन पालथ्या घातलेल्या — मी शिकवलं होतं तशाच.

६ डिसेंबर
गळती बुजवली म्हणतात, तरी चाचणीत पाणी अजून जांभळंच होतंय. चंद्रकलाबाई बाटली घेऊन आल्या. म्हणाल्या, "साहेब, खरं सांगा, माही पोरगी पान्यानं त नाही गेली ना?" मी नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला. नमुना बाजूला काढल्यावर उरलेलं पाणी त्या माझ्यासमोर प्यायल्या — मी पाहत राहिलो. हात धरला नाही. देवा, हात धरला नाही —

७ डिसेंबर
त्या आल्या नाहीत. बाटली मात्र टेबलावर आहे. भरलेली.

८ डिसेंबर
रजिस्टरात आजची ओळ आधीच लिहिलेली, उर्मिलाच्या अक्षरात. 'नमुना' या रकान्यात रोज 'विहीर' असतं. आज तिथे 'आई' —
आकड्याचा रकाना रिकामा. तो माझ्यासाठी ठेवलाय, डोळ्यांनी पाहून लिहायला. नळी उजेडाकडे उचललेली, धरणारं कोणी दिसत नाही —
वस्तीतून रडणं ऐकू येतंय —
नळीत रंग चढतोय. उर्मिला, थांब. मी सांगतो सगळ्यांना, सह्या माझ्या आहेत, मी आत्ता जाऊन —