सूडापुरतं समाजकार्य

३ सप्टेंबर

मऊबाईला केंद्रप्रमुख केलं. मला नाही.

मी शांत आहे. दुपारी फाइलींचं कपाट जरा जोरात लागलं आणि हँडल हातात आलं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ते आधीपासूनच ढिलं होतं.

ज्येष्ठांच्या या डे-सेंटरमध्ये मी तिच्या कितीतरी आधीपासून आहे. ती नवीन आली तेव्हा व्हीलचेअरचा ब्रेक कुठे असतो तेही तिला मी दाखवलं. मऊबाई हे नाव मीच ठेवलेलं. बाई बोलते तेव्हा उशीवर उशी रचल्यासारखं वाटतं. समोरचा अंगावर ओरडला तरी हिचं आपलं, "हं, सांगा ना." संचालक म्हणाले, काय करणार, तिच्याकडे एमएसडब्ल्यू आहे, समाजकार्यातली मास्टर्स, ग्रँट देणाऱ्यांना कागद लागतो.

कागद! मीही आणतो कागद. तिच्यापेक्षा मोठ्या युनिव्हर्सिटीचा. मग बघू कोण कोणाच्या हाताखाली.

५ सप्टेंबर

घरी हिला सांगितलं, समाजकार्यात मास्टर्स करतोय. ही चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, त्यामुळे माणसाकडे नको इतकं जवळून बघायची सवय आहे. म्हणाली, तुला कोणाची सेवा करायचीय? म्हटलं, समाजाची. म्हणाली, समाजातल्या कोणाची, एक माणूस सांग. इतक्या खालच्या पातळीवर मला चर्चा करायची नव्हती. झोपलो.

संकल्प: पहाटे उठून अभ्यास. आणि मऊबाईला "तुम्ही" म्हणायचं नाही. काल "तू" होती, खुर्ची बदलली म्हणून आज "तुम्ही" होत नाही.

६ सप्टेंबर

पहाट हुकली. अलार्मचा आवाज फार मवाळ आहे.

ऑफिसात "तू" तोंडातून निघेना आणि "तुम्ही" काढायचं नाही. दिवसभर कर्मणी प्रयोगात बोललो. "किल्ली दिली जाईल का?" "सही कधी केली जाईल?" संध्याकाळी मऊबाईने विचारलं, तुला बरं वाटत नाहीये का? सूड बरोबर जागी लागतोय.

२८ सप्टेंबर

स्टेटमेंट ऑफ पर्पज पूर्ण. या क्षेत्रात का यायचंय ते दोन पानांत सांगायचं असतं. माझी पाच झाली. काय ओघ आहे! हिने वाचून विचारलं, हे पोलिसांत द्यायचंय का? म्हणे यातली चार पानं एकाच बाईबद्दल आहेत.

दुरुस्ती केली. "ती" काढून सगळीकडे "व्यवस्था" घातलं. आता "व्यवस्था गोड हसते आणि म्हाताऱ्यांना भुरळ घालते" असं वाक्य झालंय. उलट जास्त खोल वाटतं.

११ ऑक्टोबर

तीन शिफारसपत्रं लागतात. पहिलं कॉलेजातल्या सरांचं. फोन केला. त्यांना मी आठवलो नाही, पण ते मला आठवतात हे ऐकून फार खूश झाले. लिहितो म्हणाले. दुसरं संचालकांचं. तिसरं मात्र थेट वरिष्ठांचंच हवं, असा नियम आहे. हा नियम करणाऱ्याला जन्मोजन्मी थेट वरिष्ठ मिळोत.

म्हणजे जिचा गळा कापायचा तिच्याचकडे सुरी मागायची.

१३ ऑक्टोबर

मागितली. केबिनच्या दारात उभा राहून म्हणालो, "एक शिफारसपत्र लिहिलं जाऊ शकेल का?" मऊबाई खुर्चीतून उठलीच. म्हणाली, "अरे, मला कधीपासून वाटत होतं तू हे करावंस!" काय हा निर्लज्जपणा. लगेच बसून दुपारच्या आत लिहून पाठवलंही.

इतक्या पटकन कोणी चांगलं लिहीत नाही. चांगलं लिहायला आठवावं लागतं. वाईट आपोआप सुचतं. (स्वानुभव.) बाईने माझा काटा काढलाय. ठीक आहे. आता युद्ध.

२० ऑक्टोबर

पहिला हल्ला. आमच्याकडे कर्नल म्हणून एक गृहस्थ रोज येतात. सैन्यात कधीच नव्हते. काचेच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. पण बसतात असे ताठ की नाव पडलं. बायको वारल्यापासून बोलायला लागले की पाण्याचा नळ उघडा राहिल्यासारखं. काय झालं विचारलं की सकाळी ऊन कसं होतं तिथून सुरुवात.

आज ग्रँट देणारे पाहुणे येणार होते. ते यायच्या जरा आधी कर्नलना म्हटलं, प्रमुखबाई तुमचीच वाट बघताहेत. सोडले केबिनमध्ये.

पाहुणे आले तेव्हा मऊबाई कर्नलचं ऐकत बसलेली. पाहुण्यांना हाताने बसा म्हणाली आणि कर्नलचं पूर्ण होईपर्यंत ऐकत राहिली. पाहुणे भारावून गेले. ग्रँट वाढली.

आंधळं नशीब. दुसरं काय.

२ डिसेंबर

पाच ठिकाणी अर्ज गेले. चार नामवंत. पाचवी युनिव्हर्सिटी अर्जाची फी घेत नाही, म्हणून. ती मिळाली तरी तिच्या वाट्याला जाणार नाहीये, पण भिकेला नाही म्हणू नये.

केंद्रप्रमुख झाल्यावर काय करायचं ते ठरवून ठेवलंय. मऊबाईला काढणार नाही. समोरच्याच टेबलवर बसवेन आणि गोड बोलेन. रोज. तिला कळू दे, गोड बोलणं कसं लागतं.

१९ जानेवारी

पोर्टलवर पाचही ठिकाणी "विचाराधीन". सकाळी बघितलं, चहाला बघितलं, आंघोळीला जाताना बघितलं. ही म्हणाली, बियाणं रोज उकरून बघितलं तर उगवेल का? ही अलीकडे फार बोलते.

८ फेब्रुवारी

पहिला नकार. "यंदा असामान्य गुणवत्तेचे अर्ज आले." म्हणजे माझाच अर्ज. मग नकार का? यांनी मला पुढे कधी मानद पदवी दिली तर व्यासपीठावर जाऊन परत करणार. भाषणाची पहिली दोन वाक्यं तयार आहेत.

२१ फेब्रुवारी

ऑनलाइन मुलाखत. अप्रतिम झाली.

त्यांची एक बाई म्हातारीचं सोंग घेऊन म्हणाली, "माझे यजमान गेले हो. संध्याकाळ खायला उठते." मी लगेच उपाय सांगितला, फिरायला जा. म्हणाली, गुडघे दुखतात. म्हटलं, व्यायाम करा. म्हणाली, कशातच मन लागत नाही. म्हटलं, दिवे लवकर लावत जा. असे तिचे सगळे प्रश्न एकामागून एक निकालात काढले. शेवटी ती गप्पच झाली. बाकीचे परीक्षकही गप्प.

मग विचारलं, सहकाऱ्याशी मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांगा. हा तर माझा हुकमी विषय. वेळ संपली असं ते मधूनमधून सांगत होते, पण मला त्यांना अर्धवट ज्ञान देऊन पाठवायचं नव्हतं.

१ मार्च

अप्रतिम मुलाखतवाल्यांचा नकार. त्या सोंगाड्या म्हातारीने केलं असणार. खऱ्या म्हाताऱ्या अशा नसतात.

४ मार्च

तिसराही. कारणसुद्धा दिलं नाही. यांच्या दारात कधी पाय ठेवणार नाही. (त्यांनी तशी सोय केलेलीच आहे.)

१७ मार्च

आज जे झालं ते लिहितो, कारण यात माझी बाजू कोणी मांडणार नाही.

दुपारी फोन माझ्या टेबलावर. कर्नल. आज आले नव्हते. म्हणाले, "अहो, सकाळी ऊन छान पडलं होतं, म्हणून म्हटलं आधी आंघोळ उरकावी..." तेवढ्यात कॉम्प्युटर वाजला. चौथ्या युनिव्हर्सिटीचा मेल! सर्वांत मोठी, जिच्यासाठी हे सगळं. कर्नलना म्हटलं, एक मिनिट हं, आणि होल्डवर टाकलं.

नकार होता. तीन ओळींचा. मी गच्चीवर गेलो. मला हवेची गरज होती. हवेची गरज कोणालाही लागते.

खाली आलो तेव्हा मऊबाई माझ्या फोनजवळ उभी. होल्डचा दिवा लुकलुकताना तिला दिसला म्हणे. कानाला रिसीव्हर, आणि एका हाताने चौकीदाराला गाडी काढायची खूण. फोनवर म्हणत होती, "हं, सांगा ना. मी आहे. हलू नका. ऊन कसं होतं?" कर्नल बाथरूममध्ये घसरून पडले होते. मोबाइल खिशात होता म्हणून बरं. ती ऑफिसातल्या चपलांवरच पळाली.

मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करावं लागेल.

संध्याकाळी संचालकांनी विचारलं, फोन कोणी घेतला होता? मी उत्तर देणारच होतो. मऊबाई म्हणाली, "लाइन आपल्याकडून होल्डवर राहिली, चूक केंद्राची आहे, मी बघते."

आता ही मला वाचवणार! मला विचारलं होतं? हा अपमान मी विसरणार नाही. आणि पडल्यावर माणसाने आधी पडलो म्हणून सांगावं. उन्हापासून कोण सुरू करतं? घरी येऊन हे सगळं हिला सांगितलं. हिने माझं ताट वाढलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

१९ मार्च

हॉस्पिटलात गेलो होतो. वॉर्डच्या दारातून बघितलं. कर्नल झोपले होते. बहुतेक. डोळे उघडे असले तरी काही माणसं झोपलेली असतात. आत गेलो नाही, पार्किंगचा प्रॉब्लेम होता. (बसने गेलो होतो, पण इतरांना होता.)

मऊबाईला फाइल देताना तोंडातून "तुम्ही" निघून गेलं. लक्षात आलं तोवर वाक्य संपलं होतं.

२ एप्रिल

पाचवी, फुकटवाली: वेटिंग लिस्ट. आमच्या लायकीचे नाहीत ते.

दिवसभर पोर्टल उघडं ठेवलं. सहज.

२६ एप्रिल

मिळाली!! फुकटवालीत अ‍ॅडमिशन मिळाली! खरं तर फार जुनी आणि साधेपणा जपणारी संस्था आहे ती. फोनवर तिथल्या बाई म्हणाल्या, मुलाखतीशिवाय घेतोय, तुमच्या वरिष्ठांच्या पत्राने आमचं मत बदललं. संचालकांचं पत्र! त्यांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या, पण वजन ओळींना नसतं, माणसाला असतं.

उद्या मऊबाईच्या टेबलावर पत्र आपटायचं. वाक्य ठरलंय: "आता कागद माझ्याकडेही आहे." आरशासमोर म्हणून बघितलं. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, कोणाला दम देतोयस?

२७ एप्रिल

आपटलं. आपटण्याचा आवाज झाला नाही, टेबलावर मऊ फाइली होत्या. "आता का..." एवढं म्हणेपर्यंत मऊबाई किंचाळली. आनंदाने. मला हॉलमध्ये ओढून नेलं, सगळ्यांना उठवलं, एक आजी तर रडल्याच (त्यांना वाटलं मी नोकरी सोडतोय, कळल्यावरही रडत राहिल्या, कारण समजलं नाही). केक आला. मऊबाईने पहिला तुकडा माझ्या तोंडात कोंबला. पुढचं वाक्य त्यामुळे राहिलं.

वॉकर घेऊन कर्नलही आले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, आता बरं झालं, शिकून या, आम्ही आहोतच. केक घशात अडकला. कोरडा होता.

३० जून

संचालक म्हणाले, सुट्टी देतो, पण फील्डवर्क इथेच करायचं, माणूस कमी पडतोय. युनिव्हर्सिटी म्हणाली, चालेल, पण सुपरवायझर एमएसडब्ल्यू झालेला हवा. संचालक म्हणाले, आपल्याकडे एकच आहे.

हिला सांगितलं. ही हसता हसता भिंतीला टेकली. मग खाली बसली.

काही हरकत नाही. सूडाला जवळून मारा करता येतो.

१४ ऑगस्ट

सुपरव्हिजनचा पहिला तास. मऊबाईची केबिन, दार बंद, दोन खुर्च्या. मधे टेबल नको म्हणाली, त्यामुळे गुडघे कुठे ठेवावे कळेना. आठवड्यातून एकदा मी तिला मनातलं सांगायचं, असा अभ्यासक्रमच आहे.

पहिला प्रश्न: "तू या क्षेत्रात का आलास? पुस्तकी नको. खरं सांग."

वर्षभर मी या प्रश्नाची वाट बघत होतो. इतके दिवस दाबून ठेवलेलं वाक्य आपणहून वर आलं. सरळ डोळ्यांत बघितलं आणि एकेक शब्द तोलून म्हणालो, "तुमच्यामुळे. फक्त तुमच्यामुळे. तुम्ही नसता तर मी हे कधीच केलं नसतं."

मऊबाईचे डोळे भरले. म्हणाली, इतक्या वर्षांत असं मला कोणी म्हटलं नाही. रोज घरी जाताना वाटतं, आपण कोणाच्या काही उपयोगाला आलो का. आज आईला फोन करून सांगते.

मी स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडलं. तसा अर्थ नव्हता, असं म्हणायचं होतं. पण आवाज नीट निघेना. एसीमुळे असेल. तिने टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

एक घेतला. मग अजून एक.