अण्णा, तुमची ती वाटलेली तार

अण्णा, तुमच्याच खुर्चीवर बसून लिहून राहिलो, आणि रागातच लिहून राहिलो. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली तरी तो उतरला नाही. आज औंढ्याच्या आपल्या ऑनलाइन सेंटरात इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन दोन कागद पसरून गेला. एक लाइन साधी, गल्लीभर वाटलेली. दुसरी डेडिकेटेड, फक्त आपली. वेग पडला तर कंपनी लेखी बांधील. तिच्यासोबत डिजिटल फोन, नंबर एकच पण दहा जण एकदम बोलतील. शिरड शहापूरचा माणूस सर्व्हर चालू आहे का विचारायला फोन लावतो, नंबर एंगेज लागतो, मग बिचारा गाडी धरून नुसतं बघायला येतो. ते संपेल. अट एकच, ही लाइन शेजाऱ्यांना द्यायची नाही.

अट वाचून मला हसू आलं. तुम्हाला ती जन्मात पाळता आली नसती. एक कनेक्शन घेतलं आणि पत्र्यावरून चार तारा सोडल्या तुम्ही. फोटोवाला, मेडिकल, चहाचं हॉटेल, शिलाईवाली काकू. वर म्हणायचात, "हिरीचं पाणी हाय का आटायला?" आटलं की! नेमकं त्या दिवशी आटलं.

जिच्यावर माझा जीव होता, तिच्या नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख. साइट सहाला बंद. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, तास बुडवून आलेलो, ती येणार म्हणून. ती तुमच्यासमोर बसलीय, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतेय, तिचे वडील दारात उभे. फोटो चढत नाही. स्क्रीनवर ते गोल फिरतंय, फिरतंय. हॉटेलात मॅच लागलीय, तिकडून आरोळ्या. मी ओरडलो, "अण्णा, उपटा ना त्यायच्या तारा!" आणि तुम्ही थंडपणे, "काहून? लोकायला तकलीफ कशाला? होऊन राहिलं ना." सहा वाजले. तुम्ही आत पाणी प्यायला गेलात, बाहेर आलात आणि तिच्या वडिलांपुढे हात जोडले. "चूक माझी हाय भाऊ. तार वाटली ना मी."

उन्हाळ्यात तिचं लग्न डोंगरकडा गावात लावून दिलं. मी कॉलेजचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. "पोरा, परीक्षा तरी दे," म्हणालात, तर ताट सरकवून उठलो. आख्खा पावसाळा तुमच्याशी बोललो नाही, आणि हिवाळा सरायच्या आत तुम्हीच गेलात. त्याचाही राग आहे. भांडण अर्ध्यात टाकून जातं का कुणी?

म्हणून आज विचार करायचाच नव्हता. डेडिकेटेडवर सही केली, जुनी लाइन बंद करायचा अर्ज लिहिला, पक्कड घेऊन पत्र्यावर चढलो. काकू खालून, "काय रे, बापाची तार तोडून राहिला का?"

"व्हय काकू. लई झाली समाजसेवा."

"तोड बाबा. तो असता तर तोडू देली नसती, तेवढं ध्यानात ठेव."

मी पक्कड लावली. आणि कंपनीच्या माणसाचा सकाळचा प्रश्न डोक्यात वाजला, "तुमच्या लाइनीवर एका वेळी किती जण असतात? खरं सांगा, त्यावरूनच लाइन ठरते." सकाळी मी आताचा आकडा सांगून मोकळा झालो होतो. पत्र्यावर मात्र बोटं त्या दिवसाचे मोजायला लागली. फोटोवाला, मेडिकल, हॉटेल, काकू. पाचवं बोट उघडंच राहिलं.

आतल्या खोलीत माझा लॅपटॉप चालू होता, अण्णा. तिच्यासाठी गाणी उतरवत होतो, मेमरी कार्ड भरून पावतीसोबत तिच्या हातात द्यायला. दुपारपासून. तुम्ही पाणी प्यायला गेलात तेव्हा माठाशेजारीच तो होता. मी नंतर आत गेलो तर लॅपटॉपचं झाकण लावलेलं होतं. तुम्ही कधी विषय काढला नाही, आणि मी सात वर्षं तुम्हालाच शिव्या दिल्या.

अर्ज अजून खिशातच आहे. काकूला म्हणालो, जुनी लाइन राहू द्या चालू. काहून, ते नाही सांगितलं.